कानात शिट्टी वाजते म्हणून विसरायला होतं का?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. वीजबिल भरायला माझे वडील, अण्णा, मोबाईल घेऊन बसले होते. ओटीपी आला, सहा आकडे. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटले, मेसेज बंद केला, बिलाच्या पानावर गेले आणि तिसऱ्या आकड्याला अडले. परत मेसेज, परत पान. तिसऱ्या खेपेला वेळ संपली आणि ओटीपी बाद झाला. मोबाईल उपडा ठेवून ते म्हणाले, "संपलं गं आता माझं. डोक्यात काही राहतच नाही."

मी शेजारीच होते. थंडीचे दिवस, म्हणून पंखा बंद होता. टीव्ही बंद होता. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत त्या वेळी कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. म्हटलं, "इतकी शांतता आहे, तरी?" तर म्हणाले, "शांत असलं की जास्तच वाजतं."

अण्णा सदुसष्ट वर्षांचे आहेत. सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली. कानाला लावायला तिथे काही मिळत नसे, कापसाचे बोळे घालून माणसं काम करायची, आणि कापूस आवाज फारसा अडवत नाही हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर वर्षभरातच दोन्ही कानांत बारीक आवाज सुरू झाला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी 'सूंऽऽ' येते ना, तशी. फक्त ही शिट्टी कधी होतच नाही. त्या आवाजाबद्दल ते बोलायचे. पण त्या रात्री पहिल्यांदा खरी भीती बाहेर आली. आमच्या मोठ्या काकांना शेवटची चार वर्षं घरची माणसं ओळखू येत नव्हती. अण्णांना वाटत होतं, आपलीही तीच वाट सुरू झाली.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. तरी अण्णांसाठी जे वाचलं, कान-नाक-घसा तज्ज्ञांना आणि ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टला जे खोदून खोदून विचारलं, ते इथे मांडते आहे. कारण हीच भीती उराशी धरून गप्प बसलेली माणसं पुष्कळ घरांत असणार.

आवाज येतो कुठून

बाहेर काही वाजत नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणं म्हणजे टिनिटस. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात, आपण घरात 'कान वाजतात' म्हणतो. तीन महिन्यांहून जास्त टिकला की तो जुनाट धरला जातो, काही तज्ज्ञ सहा महिन्यांची मर्यादा मानतात. २०२२ साली जगभरातल्या अभ्यासांची एक मोठी गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाने प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना, म्हणजे ७४ कोटींहून जास्त माणसांना, टिनिटस आहे. त्रासदायक, तीव्र स्वरूपाचा टिनिटस मात्र सुमारे २ टक्क्यांनाच. हा फरक लक्षात असू द्या, पुढे तोच महत्त्वाचा ठरतो.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक बारीक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात साधारण १५,००० केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच, माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आणि वयाने आधी मार खातात त्या उंच, बारीक स्वर पकडणाऱ्या पेशी. अण्णांचा ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, आलेख पाहिला तर ४,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे स्वराची उंची मोजायचं माप) आसपास सरळ खड्डा पडलेला दिसतो. गोंगाटात वर्षं काढलेल्या कामगारांच्या आलेखात हा खड्डा नेहमी सापडतो, असं ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या.

आता कानाकडून संदेश कमी आले तर शांतता वाढायला हवी. मग वाजतं कशामुळे? भजनी मंडळात काय होतं आठवा. बुवांचा आवाज बसलेला असतो, माईकमध्ये नीट येत नाही, म्हणून साउंडवाला मशीनचं बटण चढवत जातो. एका टप्प्यानंतर बुवा श्वास घ्यायला थांबले तरी स्पीकरमधून 'घूंऽऽ' येत राहतं. तो आवाज बुवांचा नव्हे, यंत्राच्या पोटातलाच. बटण खाली होतं तेव्हा तो ऐकू येत नव्हता, इतकंच. मेंदूही असंच करतो. कानाकडून कमी येतंय म्हटल्यावर तो आपलं बटण चढवतो, आणि चेतापेशींची एरवीची हलकी खळबळ त्याला आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. टिनिटसचं आज सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण साधारण हे आहे. म्हणूनच कित्येकांचा आवाज नेमका त्याच पट्टीत असतो जिथे त्यांना कमी ऐकू येतं.

ही खळबळ आजाराची नव्हे, हे समजायला १९५३ सालचा एक प्रयोग पुरेसा आहे. हेलर आणि बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० निरोगी माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं: गुणगुण, सूंसूं, शिट्टी. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर बहुतेक सगळ्यांचेच कान वाजतात.

मग अण्णांना छळ होतो आणि दुसऱ्या कुणाला तोच आवाज असून पत्ताही नसतो, असं का? नाशिकरोडला रुळाला लागून आमच्या मामांचं घर आहे. रात्रभर गाड्या धडधडत जातात, मामांची झोप मोडत नाही. पण नातू पाळण्यात नुसता कुरकुरला की ताडकन उठतात. मेंदू प्रत्येक आवाजाला चिठ्ठी लावतो, हा कामाचा, हा बिनकामाचा, हा धोक्याचा. टिनिटसला 'बिनकामाचा' ही चिठ्ठी लागली तर तो मामांच्या रेल्वेसारखा मागे पडतो. 'धोक्याचा' लागली तर तो नातवाच्या कुरकुरीसारखा सतत पुढे येतो. पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकाने १९९० साली ही मांडणी केली. त्रास कानात कमी आणि भावना, भीती, सावधपणा सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत जास्त घडतो, असं तिचं सार आहे. आवाजाची मोठाई आणि त्रासाची मोठाई यांचा मेळ बसत नाही, हे तपासणीतही दिसतं. यंत्रावर जुळवून पाहिला तर बहुतेकांचा टिनिटस त्यांच्या ऐकण्याच्या किमान पातळीच्या काही डेसिबलच (डेसिबल म्हणजे आवाजाची मोठाई मोजायचं माप) वर निघतो. अण्णांना हे पटेना. "एवढा मोठा आहे, आणि मशीन म्हणतं बारीक?" ऑडिओलॉजिस्ट त्यांना म्हणाल्या, "काका, आवाज बारीकच आहे. तुमचं लक्ष त्याच्यावर खिळलंय, म्हणून तो मोठा झालाय."

ओट्यावर जागा किती

आता आठवणीकडे येऊ. आठवण म्हणजे एकच कपाट नव्हे. स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. फडताळात डबे आहेत, त्यांत वर्षानुवर्षांचा साठा आहे. आणि समोर ओटा आहे, जिथे या क्षणी चिरायचं, मळायचं, परतायचं ते असतं. ओटा छोटा. परात ठेवली की पोळपाटाला जागा शोधावी लागते. मेंदूतल्या या ओट्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. १९७४ साली बॅडली आणि हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी तिचं स्वरूप मांडलं. पुढच्या संशोधनातून असं दिसलं की तिथे एका वेळी साधारण चारच गोष्टी नीट मावतात. ओटीपी लक्षात ठेवणं, मनातल्या मनात सुटे पैसे मोजणं, समोरच्याचं लांबलचक वाक्य शेवटपर्यंत धरून ठेवणं, पत्ता ऐकत ऐकत वळण घेणं, ही सगळी ओट्यावरची कामं.

'धोक्याचा' शिक्का बसलेला टिनिटस म्हणजे ओट्यावर कायम ठेवलेली परात. ती उचलताही येत नाही आणि तिच्याकडे बघू नको म्हटलं तरी नजर तिकडेच जाते. उरलेल्या जागेत सहा आकडे ठेवायला गेलं की दोन खाली पडतात.

फडताळ मात्र शाबूत असतं. ओटीपी हुकला त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने अण्णांना ७२ च्या दुष्काळाबद्दल विचारलं. अण्णा तेव्हा चौदा वर्षांचे होते. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर कुठपर्यंत चालत जायचे, सुकडीची चव कशी होती, लाल मिलोच्या भाकरीला चिरा कशा पडायच्या, मुकादमाच्या सायकलला कुठल्या रंगाची दांडी होती, सगळं धाडधाड सांगितलं. मग आठवण गेली कुठे? सहा आकडे अण्णा विसरले असं म्हणणंच चूक होतं. ते आत गेलेच नव्हते. जे डब्यात पडलंच नाही ते डब्यातून हरवणार कसं?

हा नुसता माझा तर्क नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जुनाट टिनिटस असलेल्या आणि नसलेल्या माणसांना एकाच प्रकारची कामं दिली. वाक्यं वाचत असताना शब्दही लक्षात ठेवायचे, किंवा दोन कामं एकदम करायची, अशा अवघड कामांत टिनिटसवाला गट मागे पडला. कामाचं ओझं हलकं असताना असा फरक ठळक नव्हता. २०२० साली एका पथकाने असे ३८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात टिनिटसचा संबंध चार गोष्टींशी दिसला: मनावर ताबा ठेवून काम आखण्या-बदलण्याची क्षमता, विचाराचा वेग, थोड्या वेळापुरती स्मृती, आणि नवं शिकून ते परत आठवणं. म्हणजे अण्णा ज्याची तक्रार करत होते ती खोटी नव्हती, मनाचे खेळही नव्हते. 'काही नाही हो, वय झालं' म्हणून अशा माणसाला उडवून लावू नये, असं मला कळकळीने वाटतं.

पण या अभ्यासांना एक मोठी मर्यादा आहे. टिनिटस एकटा येत नाही. त्याच्याबरोबर कमी ऐकू येणं, तुटक झोप, चिंता, उदासी, वाढतं वय हेही येतं, आणि यांतलं प्रत्येक स्वतःच्या हिमतीवर लक्ष आणि आठवण बिघडवू शकतं. नेमका कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. यांतल्या कमी ऐकू येण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण घरोघरी भांडणं तिथेच होतात.

एका सकाळी आई आतून म्हणाली, "अहो, येताना साखर आणा." अण्णा "हं" म्हणाले आणि गेले. परत आले ते भाकरीचं ज्वारीचं पीठ घेऊन. आई वैतागली, "दहा मिनिटांपूर्वी सांगितलेलं विसरता!" त्यांचा चेहरा उतरला. झालं काय होतं? 'साखर' आणि 'भाकर' यांतले स्वर सारखे. स्वर खालच्या पट्टीतले असतात, ते अण्णांना ऐकू येतात. 'स' हा उंच पट्टीतला, हवेच्या नुसत्या फुत्कारासारखा. 'श', 'च', 'थ', 'फ' यांचंही तेच. अण्णांच्या आलेखातला खड्डा नेमका तिथेच आहे. त्यांना 'आखर' असं काहीतरी ऐकू आलं, आणि उरलेलं मेंदूने अंदाजाने भरलं. विसरण्याचा इथे संबंधच नव्हता, पण घराने त्याची नोंद 'विसरले' अशी केली आणि अण्णांनीही ती मान्य केली.

शिवाय हा अंदाज फुकट होत नाही. प्रत्येक वाक्यातले गाळलेले शब्द भरायला ओट्यावरचीच जागा लागते. लग्नाच्या पंगतीत दोन तास बसून आलं की कमी ऐकू येणारा माणूस कसा गळून जातो, पाहिलंय? तो ऐकण्याचा शीण असतो. शब्द पकडण्यातच सगळी ताकद गेली तर बोलण्यातला मजकूर साठवायला काय उरणार?

झोपेचं थोडक्यात सांगते. दिवसभरात ओट्यावर जे तयार झालं ते फडताळात लावून ठेवण्याचं बरंचसं काम गाढ झोपेत होतं. रात्री शांतता पसरली की टिनिटस वर येतो, झोप लांबते, मध्ये मध्ये मोडते. दुसऱ्या दिवशीचं जड डोकं आणि विसरभोळेपणा हा कित्येकदा आदल्या रात्रीचा हिशोब असतो. आणि चिंता तर सगळ्यात वर बसलेली. 'आपल्याला वेड लागणार का, भान जाणार का' हा विचारही ओट्यावरचीच जागा खातो. विसरलं की भीती वाढते, भीतीने आवाजाकडे लक्ष जातं, आवाजाने लक्ष फाटतं, मग परत विसरतं. अण्णा या चक्रात वर्षभर फिरत होते आणि आम्हाला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

डिमेन्शियाची भीती

अण्णांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सरळ विचारलं, "यातून माझ्या भावासारखं होईल का?"

ज्यावर आज भरवसा ठेवता येतो ते असं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाशी, म्हणजे आठवण आणि भान हळूहळू हरवत नेणाऱ्या आजाराशी, जोडलेली आणि आपल्याला बदलता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी आयुष्यभर आटोक्यात ठेवली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत कमी ऐकू येणं आहे. टिनिटस नाही. टिनिटस आणि डिमेन्शिया यांचा थेट धागा शोधणारे अभ्यास झालेत, पण त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत, आणि कमी ऐकू येण्याचा हिस्सा बाजूला काढणं तिथेही कठीण जातं.

म्हणून कान वाजतात याची धास्ती घेण्यापेक्षा ऐकू किती येतं हे तपासणं जास्त मोलाचं आहे. श्रवणयंत्राने मेंदू वाचतो का, यावर अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, २०२३ मध्ये त्याचे निकाल आले. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना बुद्धीची घसरण होण्याचा धोका आधीच जास्त होता, त्या गटात श्रवणयंत्र आणि समुपदेशन मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. यंत्र लावलं म्हणजे डिमेन्शिया होणार नाही, असं यातून निघत नाही. पण अण्णांच्या वयात, ऐकू कमी येत असताना, 'लोक काय म्हणतील' म्हणून यंत्र पेटीत ठेवून द्यायला आता कारण उरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्मृतीच्या चाचण्या बहुधा तोंडी असतात. डॉक्टर पाच शब्द सांगतात, मधे दुसरी कामं देतात, काही मिनिटांनी तेच शब्द विचारतात. शब्द नीट ऐकूच आले नसतील तर गुण कमी पडणारच. म्हणून आधी कानातला मळ काढून घ्या, ऑडिओमेट्री करा, यंत्र असेल तर लावून जा आणि डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की ऐकू कमी येतं, कान वाजतात.

तरीही काळजी करण्यासारखी लक्षणं वेगळी असतात, ती घरच्यांनी ओळखावीत. नुकताच विचारलेला प्रश्न विचारला होता हेच आठवत नाही आणि तोच परत परत विचारला जातो. वर्षानुवर्षं पायाखालच्या रस्त्यावर, समजा शालिमारहून रविवार कारंजावर जाताना, वाट चुकते. पैशांचे साधे व्यवहार जमेनासे होतात. स्वभाव बदलतो. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला उशीर नको.

करायचं काय

जुनाट टिनिटस मुळासकट घालवणारी गोळी आज नाही. जिंकगोच्या गोळ्या, झिंक, मेलाटोनिन यांच्या जाहिराती मोबाईलवर दिवसभर येतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शनात या पूरक गोळ्या टिनिटससाठी सुचवू नयेत असं स्पष्ट म्हटलंय. आमच्याकडूनही अशा दोन बाटल्यांचे पैसे गेले. कानात कोमट तेल, लसणाचा रस, केसांची पिन, हे तर अजिबात नको.

आधी कारण शोधायचं. कधी नुसता मळ असतो, काढला की आवाज बंद. कधी रक्तदाब, थायरॉइड, रक्त कमी असणं यांचा हातभार असतो. काही औषधांनीही कान वाजतात: मोठ्या डोसचं ॲस्पिरिन, जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन. मात्र चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडत असेल तर तपासणी लवकर हवी. आणि अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यावरचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो, 'दडा बसला असेल, सुटेल' म्हणत आठवडा काढू नका.

अण्णांना सर्वांत आधी उपयोग झाला तो श्रवणयंत्राचा. बाहेरचे बारीक आवाज परत येऊ लागले की मेंदूला बटण चढवून ठेवायची गरज कमी होते. सगळ्यांना असा फरक पडतो असं नाही, अण्णांना पडला. 'साखर' आता साखरच ऐकू येते. दुसरी गोष्ट, पूर्ण शांतता टाळणं. रात्री पंखा, किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज, टिनिटसपेक्षा किंचित खालच्या पातळीवर. तो पुरता झाकायचा नाही. दोन्ही आवाज शेजारी शेजारी असले की मेंदूला सवय होणं सोपं जातं.

पावसाळ्यात मी त्यांना सोमेश्वरच्या धबधब्यावर घेऊन गेले होते. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरी दुथडी. कठड्याशी उभे राहून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबलाय." पाण्याच्या त्या घोषात सगळ्या पट्ट्यांचे आवाज असतात, त्यात टिनिटस बुडून जातो. गाडीपाशी आल्यावरही मिनिटभर कान शांत होते. पुष्कळांना असं होतं, बाहेरचा आवाज थांबल्यावरही काही सेकंद ते काही मिनिटं टिनिटस दबलेला राहतो. अण्णांसाठी तो मिनिट औषधापेक्षा मोठा होता, कारण हा आवाज थांबू शकतो हे त्यांनी स्वतः अनुभवलं.

ज्यांना त्रास फार आहे त्यांच्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो सीबीटीचा, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा, विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७३३ माणसं होती. या उपचाराने टिनिटसचा आयुष्यावरचा भार कमी होतो असं त्यात दिसलं. आवाज तोच राहतो, त्यावरची चिठ्ठी बदलते. मानसोपचाराचं नाव काढलं की अण्णा सुरुवातीला रागावले होते, "मी काय वेडा आहे का?" मी मामांच्या रेल्वेची आठवण करून दिली. मग तयार झाले. आणि कुणाला या आवाजाने जगणंच नकोसं झालं असेल तर एकटं राहू नका. टेलीमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

ओट्यावरची जागा वाचवायच्या युक्त्या आम्ही घरीच बसवल्या. बोलायचं तर समोर येऊन, नाव घेऊन, टीव्ही बंद करून. एका वेळी एकच काम सांगायचं. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं: "साखर, एक किलो." आणि ओटीपीसाठी तर मराठीच मदतीला आली. चार-आठ-सात-शून्य-तीन-एक अशा सहा सुट्या गोष्टी धरण्याऐवजी अठ्ठेचाळीस, सत्तर, एकतीस. तीनच शब्द. ओट्यावर मावतात.

एक गोष्ट मात्र आपल्या गावाला सांगितलीच पाहिजे. नाशिक ढोलचं नाव महाराष्ट्रभर आहे, मलाही त्याचा अभिमान आहे. पण ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलमागे ती मुदत निम्मी होत जाते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. पथकातली मुलं विसर्जनाच्या दिवशी ढोलाला कान लावून किती तास असतात? आपल्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, मिरवणुकीत वाजवणाऱ्या पोराच्या कानाला तेवढंही संरक्षण कुणी देत नाही.

माझा सतरा वर्षांचा भाचा यंदा पथकात आहे. सरावाला निघताना तो अण्णांसमोर येऊन बसतो. अण्णा फोमचा इअरप्लग चिमटीत धरून वळतात, सुरनळीसारखा बारीक करतात, दुसऱ्या हाताने त्याच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढतात, प्लग आत सरकवतात आणि तो फुलेपर्यंत बोट तसंच दाबून धरतात. "एक, दोन, तीन," मोठ्याने मोजतात. वीस झाल्यावर बोट काढतात, मग दुसरा कान.